मागच्या चाकाची घरघर

गाडी उचलायचा जॅक घरात आला तो पोत्यात गुंडाळून, चोरीचा माल आणावा तसा. आठवड्याच्या बसच्या टपावरून तो उतरवून घेताना बारक्याने ड्रायव्हरला डोळ्यांनीच गप्प केलं, मागच्या वाटेने अंगणात शिरला आणि जळाऊ लाकडांच्या ढिगाआड पोतं अलगद टेकवलं. पण आईचे कान म्हणजे आईचे कान. आत नळ चालू होता, भांड्यांचा खडखडाट होता, तरी लोखंड दगडाला लागल्याचा आवाज तिला बरोबर ऐकू गेला.

“काय आणलंस रे?”

“काही नाही. सामान आहे.”

“सामानाला नाव असतं.”

बारक्याने मान खाली घातली. ताई दारातच उभी होती. शाळेतून शिकवून नुकतीच आली होती, बोटांवरचा खडूही अजून धुतला नव्हता. पोत्याच्या आकारावरूनच तिने आत काय आहे ते ओळखलं. या घरात शेवटचा जॅक येऊन एक पिढी उलटली होती. बारक्या तेव्हा पाळण्यात होता. गाडी पंक्चर झाली तरी ती तशीच लंगडत खाणीच्या फाटकापर्यंत न्यायची, चाक तिथे कुणाकडून तरी बदलून घ्यायचं, आणि तेवढा वेळ घरातल्या माणसाने लांब उभं राहायचं, हा आईचा कायदा होता. कारण कुणाला सांगावं लागत नव्हतं. बाबा याच अंगणात, खाणीच्या जीपखाली गेले होते.

आई हात पुसत बाहेर आली. उंबऱ्याशी थांबली. तिने पोत्याकडे पाहिलं, मग अंगणाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीकडे. जुनी, काळी, लांबच लांब गाडी. घरात तिला सगळे म्हैस म्हणत.

“कुणासाठी?” आईने विचारलं.

“कुणासाठी म्हणजे?”

“कुणासाठी गाडीखाली जाणार आहेस, ते विचारतेय.”

मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत काका होते. आई त्या दाराकडे बघतही नव्हती, पण प्रश्न त्या दारावरच जाऊन आदळला.

संध्याकाळच्या चहाला कुणी हात लावला नाही. टेबलाच्या एका बाजूला आई, समोर बारक्या आणि त्याच्या शेजारी सिस्टर, कडेला ताई. सिस्टर ही बारक्याची बायको. खाण चालू होती तेव्हा ती इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून आली, आणि सगळी वस्ती म्हणते तसं नवराही तिला सिस्टरच म्हणू लागला. यावरून लग्नात भरपूर हसून झालं होतं. आज हसण्यासारखं काही नव्हतं.

“आई, मी सरळ सांगते,” सिस्टर म्हणाली. “काकांचं एक डायलिसिस चुकलंय. उद्याचं चुकवता येणार नाही. अंगात पाणी साठतंय, पोटॅशियम वाढत असणार. हृदय सांगून थांबत नाही.”

“मग त्यांना न्या ना. नको कोण म्हणतंय?”

“कशातून न्यायचं?” बारक्या म्हणाला. “आजची बस वरच्या गावांकडे गेली, खाली उतरणारी आता पुढच्या आठवड्यात. अॅम्ब्युलन्सवाल्याला फोन केला, तर तो विचारतो पेशंट बोलतोय का, चालतोय का. हो म्हटलं, तर म्हणाला, मग गाडी मोकळी झाली की पाठवतो. मोकळी कधी होणार, ते त्यालाही माहीत नाही.”

खाण बंद पडली तेव्हापासून वस्तीतली निम्मी घरं कुलूप लावून गेली होती. उरलेल्यांत चारचाकी गाडी एकट्या या घरात होती. आणि ती गाडी चार दिवसांपूर्वी घाटाच्या तोंडाशी मागून घरघरू लागली. आधी दळल्यासारखा आवाज, मग जळका वास. बारक्याने ब्रेक दाबला तर पाय खोल गेला. चाकाच्या आतलं तेल गळून ब्रेकवर आलं होतं. तशीच कशीबशी वळवून त्याने ती परत आणली होती. काका मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. उजव्या चाकाला हाताने हलवलं तर ते पडायला आलेल्या दातासारखं डुगडुगत होतं.

“बेअरिंग गेलंय,” बारक्या म्हणाला. “दोन्हीकडची बदलायला हवीत. बेअरिंग आलीत, तेल अडवायचे सील आलेत, ओढून काढायचं हत्यार आलंय. मी सगळं नीट बघून ठेवलंय. घाटाखालच्या गॅरेजवाल्याशीही बोललो. तो इथे चढून यायला तयार नाही, पण म्हणाला, जमेल तुला.”

“तुझे वडील तर खाणीत जीपच दुरुस्त करायचे,” आई म्हणाली. “त्यांना जमत नव्हतं का?”

आईने समोरचा कप बाजूला सारला.

“एकाला वाचवायला दुसऱ्याला गाडीखाली घालायचं, हा कुठला हिशेब? आणि तोही कुणासाठी? जॅकजवळ बसवलेला माणूस उठून फाटकाशी गेला, त्याच्यासाठी?” आईने ताईकडे पाहिलं. “तू सांग याला. तू पाहिलंयस. हे दोघं काय जाणणार!”

ताईने कप बशीत नुसताच फिरवला. पाहिलं होतं. ती पायरीवर बसून अभ्यास करत होती. जीपखालून बाबांच्या बुटांचे तळवे तेवढे बाहेर दिसत होते, आणि गुणगुणताना त्यांचा एक बूट ताल धरत होता. आदल्या रात्री पाऊस झाला होता. फाटकातून कुणी तरी हाक मारली म्हणून काका उठले, थोडं पुढे गेले, आणि जॅकचा पाय ओल्या मातीत गेला. एवढंच. काका तिथेच बसून असते तरी त्यांनी काय केलं असतं, हे तिने मोठेपणी स्वतःला कितीदा तरी विचारलं होतं. आईला विचारायची हिंमत कधी झाली नव्हती.

“मी काकांशी बोलून येते,” ती म्हणाली. टेबलावरून उठायला तेवढं कारण पुरलं.

मागच्या खोलीत काका खाटेच्या कडेला बसले होते. आडवं झालं की दम लागत होता, म्हणून दोन दिवस ते बसूनच झोपत होते. पाय सुजून गुळगुळीत झाले होते. ताईने बोट टेकवलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. एके काळी हा माणूस खाणीत सुरुंग लावायचा आणि शिट्टी वाजवत परत यायचा. आता दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना थांबावं लागत होतं.

“ऐकलं मी सगळं,” ते म्हणाले. “भिंत काय जाड आहे? तुझी आई बरोबर बोलतेय.”

“काका.”

“बरोबरच बोलतेय. पोराला खाली जाऊ देऊ नकोस. माझं काय, चाललंय ते चाललंय.”

“पुढच्या आठवड्यापर्यंत?”

काकांनी वर पाहिलं. चेहरा इतका सुजला होता की डोळे बारीक झाले होते, पण त्या डोळ्यांतली भीती ताईला स्पष्ट दिसली. मरणाला ते घाबरत होते. घाबरत होते आणि तरी नको म्हणत होते. इतकी वर्षं या माणसाचं ताट ती आईच्या हातून घेऊन इथे आणत होती. आई त्यांच्याशी बोलायची ती भिंतीमार्फत किंवा ताईमार्फत. ‘त्यांना विचार, वाढू का.’ ‘त्यांना सांग, औषध संपलंय.’ जेवण कधी चुकलं नाही, औषध कधी चुकलं नाही, आणि थेट एक शब्दही कधी मिळाला नाही.

ती परत स्वयंपाकघरात आली तेव्हा तिघंही तसेच बसले होते.

“सकाळी उजेड झाला की सुरू करायचं,” ती म्हणाली. आपलाच आवाज तिला वर्गातल्यासारखा वाटला. “मी सोबत बसणार. काढलेली दोन्ही चाकं गाडीखाली आडवी सरकवायची, उघडं काही ठेवायचं नाही. जॅकवर विसंबायचं नाही, गाडी पेलणाऱ्या लोखंडी घोड्या लावायच्या. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं.”

“कबूल,” बारक्या म्हणाला.

आई उठली. “तूसुद्धा,” एवढंच म्हणाली आणि निघून गेली. बारक्या पाठीशी आहे याची तिला कधीच खात्री नव्हती, पण ताई आपल्या बाजूची आहे हे ती धरूनच चालली होती. त्या एका शब्दाने ताईला रात्रभर टोचलं.

सकाळी अंगणातले दगड दवाने ओले होते. बारक्याने ते पोत्याने पुसले, त्यांवर लोखंडी पत्रे टाकले, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडं लावली. मग जॅक. दांडा खाली-वर होऊ लागला. म्हैस मागून हळूहळू वर उचलली गेली. लोखंड कण्हलं. बारक्याने दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या, गाडी त्यांवर टेकवली, हाताने जोर लावून हलवून पाहिली.

“बघ. डोंगरासारखी उभी आहे.”

“डोंगर खणून काढलेलीच वस्ती आहे ही,” ताई म्हणाली. “काम कर.”

स्वयंपाकघराची खिडकी आतून बंद झाली.

चाकं निघाली, ताईने ती स्वतः ओढत नेऊन गाडीच्या पोटाखाली सरकवली, एक या बाजूला, एक त्या बाजूला. मग ब्रेकचे ड्रम निघाले. दोन मागच्या चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या गिअरचा, मोठा लोखंडी गोळा होता. त्याचं झाकण खोलायला बारक्याला पाठीवर झोपून खाली जावं लागलं. त्याच्या बुटांचे तळवे बाहेर राहिले.

ताईने नजर त्या तळव्यांवर ठेवली आणि ती हलवली नाही. काळं, जळकट वासाचं तेल परातीत पडू लागलं. मध्येच एक बूट थांबला की तिचा श्वास थांबायचा.

“बोलत राहा,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“काहीही. पाढे म्हण.”

“शाळेत म्हटले नाहीत ते आता म्हणू?” खालून आवाज आला. पण तो बोलत राहिला. आतला खिळा काढला, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या दोन लहान चकत्या काढल्या. त्या चकत्या निघाल्या की चाकाचे दांडे बाहेर ओढता येतात, असं तो तिला सांगत होता. तिला त्यातलं निम्मं कळत होतं. कळण्यापेक्षा ऐकू येणं महत्त्वाचं होतं.

डाव्या बाजूचा दांडा सुळकन बाहेर आला. बेअरिंगही फार त्रास न देता निघालं. नवीन बेअरिंग त्याने तेल लावून, लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हाताने ठोकत बसवलं. ठोक्याचा आवाज बदलला तेव्हा थांबला. त्याच्या पुढे सील. सिस्टर बाहेर आली, दोघांच्या हातात पाण्याचे पेले देऊन गेली. जाताना ताईच्या कानाशी म्हणाली, “काकांचा श्वास वाढलाय. लवकर झालं तर बरं.” नवऱ्याला तिने ते सांगितलं नाही.

उजवी बाजू मात्र अडली. दांडा निघाला, पण जिथे बेअरिंग फिरायचं ती जागा झिजून खाल्ल्यासारखी झाली होती, आणि बेअरिंग आत चिकटून बसलं होतं. बारक्याने ओढायचं हत्यार आत अडकवलं. लांब सळई, तिच्यावर सरकणारं जड वजन. ते वजन झपकन मागे ओढायचं म्हणजे टोकाला दणका बसतो. एक दणका, दुसरा, तिसरा. दर दणक्याला गाडी थरथरत होती. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

“हळू,” ताई म्हणाली.

“हळूने निघत नाही ना!”

शेवटी काही तरी तुटल्याचा आवाज झाला आणि अर्धं बेअरिंग बाहेर आलं. उरलेल्याचे तुकडे आत सांडले. बारक्याने शिवी हासडली, मग ताईकडे बघून जीभ चावली.

“बेअरिंगमधले फिरणारे बारीक रूळ मधल्या गोळ्यात गेले असणार. एकही राहिला तर सगळं चिरडून टाकेल. काढायलाच हवेत.”

आणि ती नको म्हणायच्या आत तो पुन्हा पाठीवर सरकत खाली गेला.

ताईची नजर तळव्यांवर होती. पण या वेळी आवाज दुसरीकडून आला. फार बारीक, पत्र्यावर नख ओढावं तसा. तिने मान वळवली. उजवीकडची घोडी दणक्यांनी सरकत सरकत पत्र्याच्या काठावर आली होती, आणि तिचा एक पाय हवेत होता.

“बारक्या, बाहेर ये.”

“एकच राहिलाय, दिसतोय मला.”

“बारक्या!”

घोडी कलंडली.

ताईला आठवत होतं ते एवढंच, की आपण त्याचे दोन्ही घोटे धरले आणि मागे झेपावलो. म्हैस एका अंगावर आली. एवढा आवाज तिने खाणीतही ऐकला नव्हता, आणि त्या आवाजाच्या आत एक माणसाचा आवाज होता. मग धूळ. मग काहीच नाही. ती दगडांवर पाठीवर पडली होती, हातात दोन घोटे होते, आणि घोटे हलत नव्हते.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली की फुटली ते कळलं नाही. “भाऊजी!” आई किंचाळली. “भाऊजी, धावा!”

मागच्या खोलीचं दार भिंतीवर आदळलं. ज्या माणसाला उठून न्हाणीपर्यंत जायला दोनदा बसावं लागत होतं, तो भिंतीला धरत, सुजल्या पायांनी अंगण ओलांडून आला. त्याने गाडीच्या कडेखाली हात घातले आणि उचलायला जोर लावला. गाडी तसूभरही हलली नाही. पण काका सोडेनात.

“काका, सोडा,” गाडीखालून आवाज आला. “तुमचा श्वास जाईल. मी ठीक आहे. शर्ट अडकलाय.”

गाडी खाली आली होती ती आडव्या ठेवलेल्या चाकावर. चाक दबलं होतं, पण त्याने तिला पेललं होतं. बारक्या त्या उरलेल्या सांदीत कुशीवर होता, आणि शर्टाची बाही वरच्या लोखंडात चिमटली होती. सिस्टरने धावत येऊन कात्रीने बाही कापली. तो सरपटत बाहेर आला. खांद्यावर लांब ओरखडा उमटला होता, बाकी काही नव्हतं. मुठीत बेअरिंगचा एक रूळ घट्ट धरलेला होता. त्याने मूठ उघडून तो सगळ्यांना दाखवला, आणि मग त्याला उलटी झाली.

काका पायरीवर कोसळून बसले. तोंड उघडं, ओठ निळसर. सिस्टर त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून ओठांतल्या ओठांत मोजत होती, आणि तिचा चेहरा ताईने कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

आई अंगणात आली होती. अंगणाच्या त्या बाजूला बाबांनंतर तिने पाऊल टाकलं नव्हतं. ती आधी मुलाकडे गेली, त्याचा खांदा, मान, डोकं, पुन्हा खांदा चाचपून पाहिला. मग वळली आणि काकांसमोर उभी राहिली. त्यांच्या तळहातांतून रक्त येत होतं.

“कसं आहे यांना?” तिने सिस्टरला विचारलं.

“आजच न्यायला हवं, आई. उद्या नाही. आज.”

“नको,” काकांनी हात हलवला. “वहिनी, पोर वाचलं... बास. आता पुन्हा... कुणी...”

“तुम्ही गप्प बसा, भाऊजी,” आई म्हणाली. “बोलायला दम नाही, आणि सल्ले देतात.” ती बारक्याकडे वळली. “किती राहिलंय?”

बारक्याने मान हलवली. “आई, माझ्याने नाही होणार.” त्याने गाडीखालच्या सांदीकडे पाहिलं. “खाली जाणं नाही जमणार आता.”

“मी जाते,” ताई म्हणाली.

तिला स्वतःलाच ते शब्द परके वाटले. पण कुणाला तरी जावंच लागणार होतं. सिस्टरला काकांना सोडून हलता येत नव्हतं, आणि आतली जागा बारीक होती. आईने पदर खोचला.

गाडी पुन्हा उचलली गेली. या वेळी पत्रे दुप्पट, घोड्यांशेजारी खाणीतल्या रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांचे थर, चाकं पुन्हा खाली. बारक्याने उरलेलं बेअरिंग काढलं, नवीन बसवलं. दणके देताना तो दर वेळी थांबून घोडीकडे बघत होता. काम धीम्या गतीने चाललं होतं, आणि मागे पायरीवर काकांचा श्वास करवतीसारखा ऐकू येत होता. दांडे आत सरकवून झाले. उरलं ते खालचं काम.

आईने घरातला पाट आणला, उजव्या घोडीला टेकवून ठेवला आणि त्यावर बसली. एक हात घोडीवर.

“आई, तिथे नको. पडली तर...”

“पडली तर मला आधी कळेल,” आई म्हणाली. “जा तू.”

ताई पाठीवर झोपली आणि आत सरकली. वर लोखंड होतं, नाकापासून हातभर अंतरावर. तेलाचा वास, गंजाचा वास. छाती भरून श्वास घेतला तर छाती वर टेकेल असं वाटलं, म्हणून ती उथळ श्वास घेऊ लागली. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बाबांनी शेवटी हेच पाहिलं असेल का, असा विचार आला, आणि तिने दात दाबून तो बाहेर ढकलला.

“आता?” ती ओरडली.

“डावीकडचा दांडा मी आत ढकलतोय,” बारक्याचा आवाज बाहेरून आला. “टोक पुढे आलं? त्याच्या खाचेत ती चकती घाल.”

चकती बोटांतून निसटून परातीत पडली. तिने ती शोधली, पुसली, पुन्हा घातली. बसली. मग दुसरी. मग मधला खिळा, मग त्याला अडवणारा बोल्ट. बोटं तिची होती, पण लांबून कुणीतरी हलवत असल्यासारखी चालत होती.

“बोलत राहा, ताई,” बारक्या म्हणाला.

तिला शब्द सुचेनात. तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज आला, सपाट, रोजच्यासारखा. “संध्याकाळी काय करायचं गं जेवायला? सगळे दमून येणार.”

“काहीही कर,” ताई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. “भात टाक.”

झाकण लागलं. नवीन तेल भरलं. चाकं चढली. दुपार उतरायच्या आत म्हैस चारी पायांवर उभी राहिली.

आईने पायांत चपला घातल्या तेव्हा सगळे बघतच राहिले.

“मी येतेय,” ती म्हणाली. “चाक निखळायचं असेल तर माझ्यादेखत निखळू दे. घरी बसून बातमी ऐकायची माझी हौस फिटलीय.”

ती मागच्या सीटवर काकांच्या एका बाजूला बसली, सिस्टर दुसऱ्या बाजूला. ताई पुढे. बारक्याने गाडी फाटकाबाहेर काढली ती माणूस चालतो त्या वेगाने. पाचही माणसं कानांनीच बसली होती. खडी उडाल्याचा आवाज, स्प्रिंगची कुरकूर, काकांचा श्वास. घरघर नव्हती. नव्हती, म्हणून आणखी भीती वाटत होती. प्रत्येक आवाजात ती सुरू झाल्याचा भास व्हायचा.

घाटमाथ्यावर बारक्याने गाडी थांबवली. “हात लावून बघतो. बेअरिंग नीट नसेल तर चाकाचा मधला भाग चटका देतो.” तो उतरला, डावीकडे हात ठेवला, उजवीकडे गेला. आणि तिथेच थांबला.

“काय रे?” ताईने काच खाली केली.

“हा जास्त गरम आहे.”

पुढे उतार होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाणीने खाऊन टाकलेली दरी. काकांचं डोकं सिस्टरच्या खांद्यावर कललं होतं. ती त्यांना हलवून जागं ठेवत होती. बारक्या खाली वाकला, चाकामागे हात घालून काही तरी चाचपू लागला. ताईला वाटलं, आता हा म्हणेल की परत फिरू, आणि परत फिरण्यासारखं मागे काही उरलेलं नाही.

“ब्रेक घासतोय बहुतेक,” तो म्हणाला. “मीच जास्त आवळलाय.”

“बहुतेक?”

“बहुतेक, ताई. आणखी काय सांगू?”

त्याने पान्याने थोडं सैल केलं. पुन्हा बसला. आरशातून मागे पाहिलं. आईने काकांचा पट्टी बांधलेला हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

“चल,” ती म्हणाली. “हळू चल, पण चल.”

उतार सरता सरेना. प्रत्येक वळणावर ताईचे पाय नकळत खाली दाबले जायचे, जणू तिच्या पुढ्यातही ब्रेक होता. एकदा मागून टक् असा आवाज आला आणि सगळ्यांचे श्वास अडकले. तो परातीतला पाना होता, डिकीत सरकलेला. मग झाडं दिसली, मग घरं, मग हॉस्पिटलचं फाटक.

चाकांची खुर्ची घेऊन दोघं धावत आले. सिस्टर त्यांच्या भाषेत भराभर सांगू लागली. काकांना आत नेताना एकाने मागे वळून विचारलं, “पेशंटसोबत कोण आहे?”

“मी,” आई म्हणाली. “दीर आहे माझा.”

पण ती लगेच आत गेली नाही. ताईने दारातून वळून पाहिलं तर आई गाडीमागे जाऊन वाकली होती. तिने हात उलटा केला आणि मागची बोटं डाव्या चाकाच्या मध्यावर टेकवली. पोरांच्या कपाळाला लावायची तशी. मग उजव्या चाकाला. तिथे हात बराच वेळ ठेवला. शंका आली म्हणून पुन्हा डावीकडे गेली, पुन्हा उजवीकडे आली. बारक्या स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, त्याने मान वर केली.

“दोन्ही सारखी आहेत,” आई त्याला म्हणाली. “ताप नाही.”

आणि बोटांना लागलेलं काळं तसंच ठेवून ती काकांच्या मागे आत गेली.